माफीनाम्याऐवजी प्रवेशअर्ज

१२ मार्च २०२५

एक कोटी रुपये! माझी एवढी किंमत आजवर कोणी केली नव्हती. निलेशने नोटिशीतली शून्यं मोजली, पुन्हा मोजली, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू लग्न ठरवताना ही माहिती त्याच्यापासून लपवली होती.

गुन्हा काय? रविवारच्या पुरवणीत गेली अठरा वर्षं 'जिन्याखालून' हे सदर लिहिते. २३ फेब्रुवारीला आमच्या लालबागच्या मोरजकर चाळीवर लिहिलं. चाळ पाडून झाली. पहिल्या मीटिंगला बिल्डरने भिंतीवर जे रंगीत चित्र लावलं होतं त्यात तळमजल्याला अभ्यासिका होती, कारण चाळीत होती. नव्या चित्रात त्याच जागी तरणतलाव. मी एवढंच लिहिलं, की बिल्डरसाहेबांनी अभ्यासिका बुडवली असं म्हणू नका, त्यांनी ती ओली केली; आता गिरणगावातल्या पोरांनी स्नॉर्कल लावून दहावीचा अभ्यास करावा. ही म्हणे बदनामी. पंधरा दिवसांत बिनशर्त माफी, त्याच पानावर, त्याच टाईपात. नाहीतर दावा.

माझ्या नावावर या जगात एकच चीज आहे — बाबांच्या खोलीच्या बदल्यात टॉवरमध्ये मिळायचा फ्लॅट. कोटी कुठून वसूल करतील हे कळायला वकील लागत नाही.

गंमत पत्त्याची. 'मोरजकर चाळ, दुसरा मजला, खोली ३४.' जी चाळ यांनीच पाडली! दुसऱ्या मजल्यावर सध्या फक्त हवा आहे आणि एक कबुतर. तरी नोटीस पोचली. चिंतामणी पोस्टमन ती खिशात घालून प्रभादेवीला आमच्या भाड्याच्या खोलीवर आला. लालबागची कुठली खोली कुठे पांगली हे त्याला तोंडपाठ. म्हटलं, "चाळच नाही तर परत पाठवायची ना रे." तर म्हणतो, "चाळ नाय तर नाय. माणसां खंय जातली? सही कर गो."

केली सही. चहा पण दिला. कोटीची नोटीस आणणाऱ्याला चहा — आमच्यात तशी पद्धतच आहे.

१४ मार्च

संपादकांचा फोन. "ताई, चार ओळींची माफी. कोण वाचतंय?"

म्हटलं, अठरा वर्षं कोणी वाचत नव्हतं असं म्हणायचं असेल तर सरळ म्हणा.

"तसं नाही हो. पण तोपर्यंत सदर थांबवू. माफी छापली की पुढच्याच रविवारी सुरू."

म्हणजे बिल्डरला माफी हवी, संपादकांना माफी हवी, आणि निलेशने सकाळपासून कागद-पेन टेबलावर आणून ठेवलंय. मी त्यावर वाण्याकडून आणायचं सामान लिहिलं.

१५ मार्च

दादरच्या वकिलांकडे गेले. एका हाताने नोटीस वाचली, दुसऱ्या हाताने फोन. वाचायची फी वेगळी, उत्तराची वेगळी, आणि कोर्टात उभे राहिले की दर वेळी वेगळी. "बघा, माफी मागणं स्वस्त पडेल." हा सल्लासुद्धा फुकट नव्हता.

जिना उतरताना भिंतीवर क्लासची जाहिरात: एलएलबी, तीन वर्षे, कोणताही पदवीधर, वयाची अट नाही. तिथेच खांबाला टेकून फोनवर अनुदानित कॉलेजची फी शोधली. साहेबांनी एका उत्तराचे जे सांगितले त्यात माझं पूर्ण वर्ष होतं. वर ग्रंथालय.

निलेश म्हणाला, "तू एक्कावन्न वर्षांची आहेस."

म्हटलं, नोटीस धाडताना त्यांनी वय विचारलं नाही.

सीईटीच्या अर्जाची मुदत वाढवलीय म्हणे. या देशात चांगल्या गोष्टींपैकी मुदतवाढ ही एक.

२६ मार्च

मुदतीच्या आत उत्तर धाडलं. स्वतःच लिहिलं. 'आपली नोटीस मिळाली. आपणच पाडलेल्या पत्त्यावर ती पाठवण्याचा विश्वास दाखवल्याबद्दल आभारी आहे. माफी मागण्यासारखे काही आढळले नाही. आढळल्यास कळवीन.' खाली प्रभादेवीचा पत्ता.

निलेशने वाचून हात जोडले. मला की देवाला, ते कळलं नाही. सिद्धिविनायक त्याच दिशेला आहे.

३ मे

सीईटी झाली. गेटवरच्या रखवालदाराने अडवलं, "पालक बाहेर थांबा." हॉलतिकीट दाखवलं. त्याने फोटो बघितला, मला बघितलं, आणि सॅल्यूट ठोकला. पेपर बरा गेला. सॅल्यूट जास्त बरा गेला.

१५ सप्टेंबर

गिरगावातलं कॉलेज, सकाळची बॅच. सातला पहिला तास. दोन-तीन महिने यादी, दुसरी यादी, तिसरी यादी, मग एकदाची लागले.

गळ्यात ओळखपत्र घातलं. खरं सांगते, मंगळसूत्र घालताना एवढी छाती फुगली नव्हती.

वर्गात अर्धी पोरं विशीतली, अर्धे आमच्यासारखे पोटापाण्याचे — बँकवाले, एक हवालदार, एक नर्सबाई. माझ्या बाकावर प्रफुल्ल. चव्वेचाळीस, परळचा. फोर्टात एका वकिलाकडे वीस वर्षं टायपिंग आणि स्टेनो. म्हणाला, "साहेबांचं इंग्रजी मी दुरुस्त करतो ताई, मराठी पण मीच. म्हटलं, आता पाटी पण आपलीच लावू." माणूस कमी बोलतो. डबा मात्र मोठा आणतो. बाक चांगला निवडला.

२२ सप्टेंबर

एका आठवड्यात जे कळलं ते कोणत्याही माहितीपत्रकात नाही. इथे लिहून ठेवते, पोरांना सांगायचं नाही असं ठरवलं होतं — पण सांगितलंच सगळं.

ग्रंथालयाला एसी आहे, घरी नाही. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा उकाडा कॉलेजच्या बिलावर काढायचा. कॅन्टीनमध्ये उसळ-पाव घ्यायचा तर हाफ, कारण रस्सा कितीही वेळा मागितला तरी हाफवाल्याला आणि फुलवाल्याला सारखाच मिळतो. आणि चर्चासत्र कुठलंही असो, नाव नोंदवायचं. फाइल, पेन, समोसा. बसायचं चहाच्या टेबलाजवळच्या दाराशी. बौद्धिक संपदा हक्कांवरच्या चर्चासत्रातून मी काल तीन पेनं आणली. विषयाला धरूनच झालं.

सर्वांत मोठी लूट ती नाही. कॉलेजच्या लॉगिनवर देशातल्या सगळ्या कोर्टांचे निकाल उघडतात. वकील लोक वर्षाला हजारो मोजतात, आम्हाला चकटफू. पोरं त्या खोलीत रील्स बघायला येतात, कारण वायफाय चांगलं आहे. मी 'बदनामी' टाईप केलं. नंतर जेवायचं विसरले.

२३ सप्टेंबर

रेल्वेच्या पासाची विद्यार्थी सवलत मागायला गेले. वय पंचविशीच्या आत हवं म्हणे. सरकारच्या मते त्यापुढे माणूस शिकला तरी पूर्ण पैसे भरून शिकतो. हरले. बसने आले.

४ ऑक्टोबर

पुस्तकं. फोर्टच्या फूटपाथवर उन्मेषने — आमच्या वर्गातला सर्वांत हुशार दिसणारा मुलगा — जुनी दंड संहिता दोन खंड स्वस्तात उचलले. कायदा बदलून वर्ष झालं, म्हणून तर स्वस्त! बिचाऱ्याने निम्मी कलमं पाठ केली. मी सांगितलं तेव्हा पुस्तकाकडे असं बघत बसला की कोणी वारलं.

जुनं काय घ्यावं आणि काय घेऊ नये हे कळलं की निम्मं शिक्षण झालं. कराराचा कायदा इंग्रजांनी केलाय, तो आजीच्या वेळचा मिळाला तरी घ्यावा. दंडाचा मात्र कोरा करकरीत.

तोही मी विकत घेतला नाही. लालबागच्या आमच्या मंडळाची पुस्तकपेढी आहे. गणपतीच्या वर्गणीतून पुस्तकं घेतात, वर्षभर वापरायची, परत द्यायची. खिडकीवरचा कार्यकर्ता म्हणाला, "काकी, मुलीला पाठवा. विद्यार्थ्याचीच सही लागते."

"विद्यार्थीच उभा आहे रे समोर."

त्याने आतल्या दोघांना बोलावलं. तिघांनी ओळखपत्र उलटून-पालटून बघितलं. मग फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला: 'आपल्या मंडळाची ज्येष्ठ विद्यार्थिनी.' ज्येष्ठ! पुस्तकं घेतली म्हणून गप्प बसले.

८ ऑक्टोबर

मोफत नेत्रतपासणी. पोरं तक्त्यासमोर सेल्फी काढून गेली. चष्म्याचा नंबर निघाला तो फक्त माझा. फ्रेम फुकट, पण गुलाबी — विद्यार्थ्यांच्या आवडीची. घातली. निलेश हसतोय. हसू दे, बिल त्याला आलं नाही.

१३ ऑक्टोबर

आज प्रफुल्लला नोटीस दाखवली. महिनाभर एका बाकावर बसतोय, त्याच्या बायकोच्या हातच्या भाकऱ्या खातेय, म्हटलं आता लपवायचं काय.

कागद हातात घेतला तो ठेवेचना. मग म्हणाला, "टायपिंग चांगलं आहे."

म्हटलं, एक कोटीचं आहे, चांगलंच असणार.

"पण ही तुम्हाला मिळालीच कशी? हा पत्ता..."

मी चिंतामणीची कथा रंगवून सांगितली. माणसां खंय जातली, चहा, सगळं. कोणीही हसलं असतं. हा नाही हसला. "कमाल पोस्टमन आहे तुमचा," एवढंच म्हणाला, आणि तेही असं, की चिंतामणीने त्याच्या घरी दरोडा घातलाय.

मग विचारलं, "ताई, अभ्यासिका म्हणजे ती दाराशी माठ होता ती?"

म्हटलं, अरे, प्रत्येक अभ्यासिकेच्या दाराशी माठ असतो.

"हो. असतो," म्हणाला.

मी विचारलं, दावा आलाच तर उत्तराला मदत करशील? तर नोटीस घडी घालून परत दिली. "ताई, यावर मी काही बोलणार नाही. नोकरीचा नियम आहे." वीस वर्षं वकिलाकडे काढून माणूस किती भित्रा होतो!

१७ ऑक्टोबर

माझ्याच वर्तमानपत्राची वर्गणी विद्यार्थी सवलतीत घेतली. अठरा वर्षं लिहीत असताना अंक फुकट येत नव्हता. आता निम्म्या दरात येतो, मी त्यात नसते.

१० नोव्हेंबर

आज तासाला सरांनी सहज, खडू झटकत सांगितलं — छापील बदनामीचा भरपाईचा दावा छापल्यापासून एक वर्षाच्या आत लावावा लागतो. त्यानंतर कोर्ट घेत नाही.

मी हात वर केला. "सर, पुन्हा सांगता?"

"एक वर्ष."

"म्हणजे २३ फेब्रुवारी?"

सर म्हणाले, "कुणाचा २३ फेब्रुवारी?" सगळा वर्ग हसला. प्रफुल्ल सोडून.

ग्रंथालयात जाऊन तीन पुस्तकांत पडताळून पाहिलं. एक वर्ष. दादरच्या वकिलांनी त्या वाचनाच्या फीमध्ये हे का सांगितलं नाही? म्हणजे आता फक्त गप्प बसायचं. फेब्रुवारीपर्यंत. मी! जिला पाचवीत बाईंनी तोंडाला रुमाल बांधून बसवलं होतं.

२ डिसेंबर

दुसरी नोटीस. ते विसरलेले नाहीत. 'अखेरची संधी. दाव्याचा मसुदा तयार आहे.' या खेपेस पत्ता बरोबर, प्रभादेवीचा — मीच कळवला होता ना! चिंतामणीला वगळून आली. दुसराच कोणी पोरगा देऊन गेला, चहा न घेता.

निलेश जेवता जेवता म्हणाला, "अंबिका, फ्लॅट गेला तर?" एवढंच. ओरडला असता तर मी भांडले असते. तो भात कालवत राहिला.

रात्रभर माफीच्या चार ओळी डोक्यात जुळत होत्या. वाईट म्हणजे, चांगल्या जुळत होत्या.

३ डिसेंबर

नाही लिहिल्या.

८ डिसेंबर

आज जे सुचलं त्याबद्दल मला कोणीतरी शिष्यवृत्ती द्यायला हवी.

कॉलेजात मूट असते — म्हणजे खोटं कोर्ट. एक काल्पनिक खटला देतात, पोरं दोन्ही बाजूंनी महिनाभर कायदे उपसतात, काळे कोट भाड्याने आणून भांडतात. अंतिम फेरीला खरे न्यायमूर्ती येतात, निवृत्त. सर यंदाचा खटला शोधत होते. म्हटलं, सर, माझ्याकडे एक आहे.

नावं बदलली. लालबागचं 'मौजे चांदवड' केलं, माझं 'लेखिका क'. अभ्यासिका तीच, तलाव तोच. सरांना आवडला. "वास्तववादी आहे," म्हणाले.

सोळा संघ! बत्तीस ताजी डोकी माझ्या खटल्यावर फुकट राबणार, वर निवृत्त न्यायमूर्तींचं मत. दादरच्या साहेबांकडे याचं बिल किती झालं असतं याचा हिशेब मी मांडणार नाही, झोप उडेल. आनंदाने.

प्रफुल्लला म्हटलं, माझ्या बाजूने उभा राहा. त्याने मान हलवली. मग बिल्डरच्या बाजूने राहा. पुन्हा मान हलवली. "दोन्हीकडून नाही, ताई." बत्तीस पोरं राबतायत आणि बाकावरचा माणूस हात झटकतो. आज त्याची भाकरी खाल्ली नाही. भूक लागली होती.

१९ डिसेंबर

मनवा तेवीसची. बिल्डरच्या बाजूने लढणाऱ्या संघाची पुढारी. कॅन्टीनमध्ये समोर येऊन बसली.

"आंटी, एक विचारू? लेखिका क तुम्हीच ना?"

"कशावरून?"

"गुलाबी चष्म्याखाली अख्खी केस स्टडी दिसते. राग नका मानू, पण तुमचं आर्टिकल वीक आहे. मी फाडणार."

"फाड की. बघूया कुठून फाटतं ते."

"आणि रस्सा मागून देता का? माझ्याकडे तो बघतच नाही."

मागून दिला. शत्रूला रसद पुरवणं कुठल्या कलमात बसतं ते बघायला हवं.

५ जानेवारी २०२६

उन्मेष नव्या दंड संहितेचा अभ्यास करून माझ्या बाजूच्या संघात आलाय. रोज काहीतरी शोधून आणतो. कुठला तरी जुना निकाल — व्यंगचित्राबद्दलचा. विनोद हे वस्तुस्थितीचं निवेदन नसतं, मत असतं, मत प्रामाणिक असलं की झालं. हे मला अठरा वर्षं माहीत होतं, पण कलमासकट नव्हतं.

संपादकांचा फोन. "ताई, झालं का काही?" म्हटलं, महिन्याभरात कळवते. "माफीचा मजकूर?" म्हटलं, मजकूर आहे.

२४ जानेवारी

मूटची अंतिम फेरी. हॉल भरलेला. मी तिसऱ्या रांगेत, गुलाबी चष्मा पुसत. मागच्या भिंतीला प्रफुल्ल, मांडीवर शॉर्टहँडची वही. सुट्टीच्या दिवशी येऊन बसला — भांडायला नाही, उतरवून घ्यायला. मी बघितलं नाही त्याच्याकडे.

मनवाने खरंच फाडलं. कोट तिला मोठा होता, बाह्या दुमडल्या होत्या, पण आवाज! "न्यायमूर्ती महोदय, लेखिका म्हणते, अभ्यासिका बुडवली. काम पूर्ण झालेलं नाही. उद्या माझ्या अशिलाने त्याच इमारतीत अभ्यासिका बांधली, तर ही लेखिका सगळ्या जगापुढे खोटी ठरेल की नाही?"

मला हे सुचलंच नव्हतं.

निवृत्त न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "ठरेल की. मग बांधायला सांगा ना तुमच्या अशिलाला. दाव्याच्या खर्चात टेबल-खुर्च्यासुद्धा होतील."

हॉल हसून हसून कोसळला. मनवासुद्धा हसली. मागे वळून पाहिलं तर प्रफुल्लचं पेन पळत होतं — हा माणूस विनोदसुद्धा शॉर्टहँडमध्ये घेतो.

निकाल: लेखिका क विजयी. न्यायमूर्ती म्हणाले, छापलं त्या दिवशी खरं होतं का, एवढंच बघायचं. चित्रातून अभ्यासिका गेली होती, तलाव आला होता. त्यावर लेखिकेने टोमणा मारला. टोमणा वादीला झोंबला यात लेखिकेची चूक नाही, कौशल्य आहे.

कौशल्य! रिटायर्ड असले म्हणून काय, न्यायमूर्तींनी म्हटलंय.

उत्कृष्ट वक्तृत्वाचं पारितोषिक मनवाला. मला येऊन मिठी मारली. "आंटी, फाटलं नाही." म्हटलं, कापड लालबागचं आहे.

निलेश पहिल्या रांगेत बसला होता, मला न सांगता आला. बाहेर पडताना फक्त म्हणाला, "तुझ्या त्या उसळ-पावाचं काय ते?" दोघांनी हाफ घेतला. रस्सा तीनदा.

२६ जानेवारी

झेंडावंदन कॉलेजात. लाडू, वेफर्स, केळं. अल्पोपाहार असलेले सरकारी दिवस टिपून ठेवावेत.

९ फेब्रुवारी

चिंतामणीचा फोन. "अंबिका, लालबागेत ये. बोर्ड बदललो."

गेले. चाळीच्या जागेभोवतीच्या पत्र्यावर नवाकोरा फलक. पोहणाऱ्या बाईचं चित्र गायब. त्या जागी टेबलं, दिवे, मान खाली घालून बसलेली मुलं. 'तळमजल्यावर सुसज्ज अभ्यासिका. परिसरातील सर्व विद्यार्थ्यांसाठी खुली. ही सुविधा प्रकल्पात आरंभापासून समाविष्ट आहे.' तलाव गच्चीवर गेलाय. आरंभापासून! छापलेल्या रंगाचा वास अजून येत होता.

मी पत्र्याला टेकून एवढी हसले की समोरच्या मिरचीवाल्याने स्टूल दिलं. मला खोटं पाडायला त्यांनी अभ्यासिका परत आणली. अठरा वर्षं खरं लिहिलं, एक दगड हलला नाही. पहिल्यांदा माझं लिखाण खोटं ठरलं, आणि अख्खी खोली उभी राहतेय!

पण न्यायमूर्तींचा विनोद यांच्या कानापर्यंत पोचवला कोणी? हॉलमध्ये तर आमचीच माणसं होती.

असो. फलकावर विसंबत नाही आता. कॉलेजचा परिणाम. रहिवासी समितीला सांगितलंय, सुधारित नकाशावर सही घ्या, शिक्का घ्या, पानापानावर घ्या.

१८ फेब्रुवारी

घेतली. पानापानावर. मी गुलाबी चष्म्यातून प्रत्येक सही बघितली. माठाची जागा नकाशात नव्हती, ती पेन्सिलीने मी दाखवली. बिल्डरच्या माणसाने विचारलं, "हे काय?" म्हटलं, आरंभापासून समाविष्ट आहे.

२३ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. दारावर तीनदा थाप पडली. एकदा दूध, एकदा इस्त्री, एकदा शेजारच्या मेघनाला चार्जर हवा होता. तिन्ही वेळा निलेश उठला, मला उठू दिलं नाही.

२४ फेब्रुवारी

वर्ष संपलं. कोर्टाच्या वेबसाइटवर माझं नाव शोधलं, दावा नाही. माफी नाही. फ्लॅट आहे.

संपादकांचा फोन — आपण होऊन. "ताई, रविवारपासून 'जिन्याखालून' परत?" म्हटलं, मानधन वाढवा, मी आता विधी महाविद्यालयात असते. "आणि तो माफीचा मजकूर?" म्हटलं, छापायचाच असेल तर छापा: लेखिकेने दाखवलेल्या चुका दुरुस्त करण्यात आल्या आहेत, बिल्डरकडून.

२६ फेब्रुवारी

तास संपल्यावर प्रफुल्लने डबा उघडला, माझ्याकडे सरकवला. डिसेंबरपासून मी घेत नव्हते. आज घेतली भाकरी.

म्हणाला, "आता वर्ष उलटलं, सांगतो. आणि साहेबांकडची नोकरी पण काल सोडली, म्हणून सांगतो. पहिली नोटीस मी टाईप केली होती, ताई."

मी घास डब्याच्या झाकणात ठेवला.

"साहेबांनी सांगितलं, पत्ता शोधून घाल. मला माहीत होतं चाळ पाडलीय. मुद्दाम तोच घातला. म्हटलं, इमारत नाही म्हणून परत येईल, फाइल झोपेल. दहावीला परळहून चालत यायचो मी तुमच्या अभ्यासिकेत. कुठल्या चाळीतला, कोणी विचारलं नव्हतं. माठातलं पाणी प्यायचो." भाकरीचा तुकडा मोडला. "सगळं बरोबर जमवलं होतं. तुमच्या पोस्टमनला कोणी सांगितलं होतं शोधायला?"

"आणि न्यायमूर्तींचं ते टेबल-खुर्च्यांचं?"

"ते उतरवून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांना विनोद कळला नाही. त्यांना तो सल्ला वाटला."

चिंतामणीने नोटीस परत पाठवली असती तर मी आज कुठे असते? घरी. सदर लिहीत. अभ्यासिका पाण्यात.

दोघांना पेढे द्यायला हवेत. पाव किलोत भागवीन. अजून दोन वर्षं विद्यार्थिनी आहे मी.